घरच्या वर्कशॉपमध्ये लंबकाचं घड्याळ हाताने बनवणं: दाते, अंतर आणि लंबक

घरी यांत्रिक घड्याळ बनवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी गीअर कापायचं मशीन शोधायला लागतात आणि ते मिळालं नाही की तिथेच थांबतात. माझं म्हणणं असं की मशीन लागतच नाही. दाते थोडे असमान असले तरी घड्याळ चालतं आणि वेळही बरोबर दाखवतं, कारण चाकाचा एक दाता पुढे गेला की पिनियनची, म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या छोट्या चाकाची (आपल्याकडे त्याला दात्यांऐवजी काड्या आहेत), एक काडी पुढे जाणारच, ६४ दाते असतील तर फेऱ्यात ६४च मोजले जाणार, ना कमी ना जास्त. घड्याळ बंद पाडतं ते घर्षण, आणि घर्षणाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दोन शाफ्टमधलं चुकलेलं अंतर. म्हणून या लेखात दाते कापण्यापेक्षा अंतर जुळवण्यावर जास्त लिहिलंय, ते भाग सावकाश वाचा.

आपण काय बनवतोय ते आधी नक्की करू. भिंतीवरचं, वजनावर चालणारं, सेकंदाच्या लंबकाचं घड्याळ. तास, मिनिट आणि सेकंद तिन्ही काटे, ठोके नाहीत. ठोक्यांचं काम म्हणजे दुसरं घड्याळच बनवण्याइतकं आहे, पहिल्या वेळी त्यात पडू नका. स्प्रिंगऐवजी वजन का, तर वजनाचा जोर पहिल्या दिवशी जेवढा तेवढाच सातव्या दिवशी असतो, स्प्रिंग उलगडत गेली की जोर कमी होतो, शिवाय मेनस्प्रिंग हातातून सुटली तर बोटं फाटतात.

चाकांचं गणित

लंबक एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला १ सेकंद घेतो, म्हणजे जाऊन-येऊन २ सेकंद. एस्केप व्हील, म्हणजे लंबकाच्या तालावर एक-एक दाता सोडणारं सगळ्यात वरचं चाक, त्याला ३० दाते, प्रत्येक जाऊन-येऊन झोक्याला एक दाता सुटतो, म्हणजे ते चाक ६० सेकंदात एक फेरी मारतं. त्याच्याच शाफ्टवर सेकंद काटा बसतो. आता मिनिट काट्याचं चाक तासाला एकदाच फिरायला हवं, म्हणजे मध्ये ६० पट फरक पाहिजे. तो असा येतो: सेंटर व्हील, म्हणजे हेच मिनिट काट्याचं चाक, ६४ दाते, ते तिसऱ्या चाकाच्या ८ काड्यांच्या पिनियनला फिरवतं (८ पट), तिसऱ्या चाकाला ६० दाते, ते एस्केपच्या ८ काड्यांच्या पिनियनला फिरवतं (साडेसात पट). ८ गुणिले साडेसात, ६०. सगळ्यात खाली ९६ दात्यांचं मोठं चाक, त्याच्यावर दोरीचा ड्रम, ते सेंटरच्या ८ काड्यांच्या पिनियनला फिरवतं, म्हणजे मोठं चाक १२ तासांत एक फेरी.

सगळ्यांना मोड्यूल १ घ्या. मोड्यूल १ म्हणजे दाते जेवढे तेवढे मिलिमीटर पिच व्यास (दाते एकमेकांना भिडतात तिथल्या वर्तुळाचा व्यास), हिशोब तोंडी होतो आणि दाते हाताने कानशीने करता येतील एवढे मोठे राहतात. शाफ्टमधली अंतरंही लगेच निघतात: मोठं चाक ते सेंटर (९६+८)/२ म्हणजे ५२ मिमी, सेंटर ते तिसरं ३६, तिसरं ते एस्केप ३४. हे सगळे शाफ्ट एकाच उभ्या रेषेत ठेवले तरी कोणतंही चाक दुसऱ्याच्या शाफ्टला लागत नाही, मी मुद्दाम असे आकडे घेतलेत, कारण सरळ रेषेत भोकं पाडणं सोपं जातं आणि चूक झाली तर डोळ्याला दिसते.

तास काट्यासाठी १२ पट कमी करायचंय. ते १५ ला ४५ आणि १२ ला ४८ असं करा, तीन पट आणि चार पट. दोन्ही जोड्यांची बेरीज ६० येते म्हणून दोन्हींचं अंतर ३० मिमीच राहतं आणि एकाच बाजूच्या खुंटीवर काम भागतं. इथे मात्र छोटं चाक मोठ्याला फिरवतं, त्यामुळे काड्यांचं पिनियन चालत नाही, नेहमीचे दाते पाडावे लागतात. भार जवळजवळ शून्य असतो, साध्या हाताच्या कामावर भागतं.

सामान

चाकांसाठी २ मिमी आणि दोन प्लेटांसाठी ३ मिमी पितळी पत्रा, कडक रोलिंगचा मागा, मऊ भांड्याचा पत्रा नको, तो करवतीला चिकटतो आणि दाते वाकतात. पितळ किलोवर मिळतं, तीनेक किलो घ्या म्हणजे एखादं चाक परत करायला लागलं तरी पुरेल. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट अशा ठिकाणी एका फेरीत बरंच सामान होतं. शाफ्टसाठी ४ मिमी सिल्व्हर स्टीलचा रॉड, काड्यांसाठी १ मिमी पियानो वायर. हत्यारं म्हणजे चांगली व्हाइस, हॅकसॉ, सोनारी करवत, नीडल कानशींचा सेट, व्हर्नियर, उभं बेंच ड्रिल आणि ब्रोच, म्हणजे भोक हळूहळू मोठं करायची निमुळती पाचधारी सळई. सोनारी करवत आणि बारीक ब्रोच सराफ बाजाराजवळ सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत मिळतात. लेथ असेल तर उत्तम, नसेल तर शाफ्टचे पिव्होट (प्लेटच्या भोकात फिरणारी बारीक टोकं), ड्रम आणि पुढे सांगितलेली एक रिंग जवळच्या लेथवाल्याकडून करून घ्या, चित्र आणि मापं लिहून द्या.

एक गोष्ट पितळ ड्रिल करण्याआधी. नवीन धारदार ड्रिल पितळात एकदम घुसतं आणि पत्रा हातातून हिसकावून घेऊन फिरवतं, यात बोटं जातात. ड्रिलच्या कापणाऱ्या कडेवर ऑइलस्टोन एकदोनदा सपाट फिरवून ती कड थोडी बोथट करा, आणि पत्रा कायम क्लॅम्प करा, हाताने धरून ड्रिल करू नका. चष्मा तर घालाच.

चाकं कापणं

पहिला प्रश्न असतो की वर्तुळाचे ९६ सारखे भाग कसे करायचे. कागदावर प्रिंट काढून चिकटवता येते, पण त्याच्यापेक्षा चांगली एक जुनी युक्ती आहे. प्लायवूडची गोल चकती घ्या, सुमारे १५४ मिमी व्यासाची, आणि तिच्या कडेला स्टीलची मोजपट्टी गुंडाळा. चकतीची कड पॉलिश पेपरने घासत जा जोपर्यंत पट्टीचे बरोबर ४८० मिमी एका फेऱ्यात बसत नाहीत. आता दर ५ मिमीची खूण म्हणजे ९६ भाग. पट्टीच्या टोकाचा हूक हलतो म्हणून १० सेंमीपासून सुरुवात करा, १०० ची खूण आणि ५८० ची खूण जुळली पाहिजे. यात मजा अशी आहे की चकती चाकापेक्षा मोठी आहे, त्यामुळे खुणेत जी चूक होईल ती चाकावर येताना लहान होते, ४८ मिमीच्या चाकावर तर निम्म्याहून कमी. याच चकतीवर एक सोडून एक घेतलं की ४८, दर आठवी खूण घेतली की १२, दर बारावी घेतली की ८. दुसरी चकती ३०० मिमी घेराची, ती ६०, ३० आणि १५ साठी. तिसरी ३२० मिमीची ६४ साठी आणि चौथी ४५० ची, दर १० मिमीला खूण घेऊन, ४५ साठी.

आता चकती आणि पितळी चाकाचा गोल तुकडा एकाच बोल्टवर घट्ट आवळा, बोल्ट लाकडी ठोकळ्यात फिरेल असा बसवा, चकतीच्या कडेला सुईचा काटा लावा म्हणजे खूण जुळवता येईल. पितळाच्या समोर दोन कडक पोलादी पट्ट्या उभ्या करून मध्ये करवत जाईल एवढी फट ठेवा, ती बरोबर केंद्राकडे बघणारी हवी. काट्यावर खूण आणा, क्लॅम्प करा, फटीतून करवत घाला, खाच पाडा, पुढची खूण. काम कंटाळवाणं वाटतं पण हात एकदा लागला की भराभर होतं. चाकाचा बाहेरचा व्यास दात्यांच्या संख्येपेक्षा सुमारे पावणेतीन मिमी जास्त ठेवा, म्हणजे ६४ दात्यांचं चाक साधारण ६६.७ मिमी. खाच पावणेतीन मिमी खोल, आणि रुंदी शेवटी पिचच्या (एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतच्या अंतराच्या) निम्मी म्हणजे १.५ मिमीच्या जरा वर. करवतीची खाच अरुंद येते, ती चपट्या नीडल कानशीने दोन्हीकडून सारखी रुंद करा, दीड मिमी ड्रिलचा मागचा दांडा खाचेत सहज जायला हवा, तोच तुमचा गेज.

मग दात्यांची टोकं. पिच वर्तुळाच्या वरचा भाग दोन्हीकडून गोलाई देत निमुळता करायचा, खालचा भाग सरळ केंद्राकडे ठेवायचा. एक दाता नीट करून घ्या, त्याच्यावरून पातळ पत्र्याचा साचा बनवा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघत जा. शेवटी सोनारी करवतीने मधला भाग कापून चार किंवा पाच आरे काढा. हे शोभेसाठी नाहीये, चाक हलकं हवं, विशेषतः एस्केप व्हील आणि तिसरं, कारण ती दर सेकंदाला थांबतात आणि परत निघतात.

वायरकटवाल्याकडून (मशीनवर बारीक तारेने धातू कापून देणारा) चाकं कापून आणली तर चालेल का? चालेल की, भोसरीसारख्या एमआयडीसीत अशी जॉबवर्कची शॉप्स आहेत आणि दाते अगदी सुबक येतात. पण पुढचं अंतराचं काम तरी तुमच्याच हाताला करायला लागतं, ते कुणी करून देत नाही.

काड्यांचं पिनियन

८ दात्यांचं पिनियन पोलादात कापणं हे घरगुती कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते टाळता येतं. ११ मिमी व्यासाच्या दोन पितळी टिकल्या घ्या, प्रत्येकी अडीच मिमी जाड, दोन्ही एकत्र धरून ८ मिमीच्या वर्तुळावर १ मिमीची ८ भोकं पाडा, त्यात पियानो वायरच्या काड्या घाला. याला लँटर्न पिनियन म्हणतात. टिकल्यांच्या मध्ये ५ मिमी जागा ठेवा. काड्या घट्ट बसवू नका, भोकात हलक्या फिरू द्या आणि बाहेरून पातळ वॉशरने बंद करा, फिरती काडी घर्षण कमी करते. या भागात शाफ्ट ३ मिमीपर्यंत उतरवून घ्या म्हणजे दात्याच्या टोकाला जागा मिळते. चाकाने पिनियन फिरवायचं असेल तेव्हा ही रचना फार छान चालते आणि अंतरातली थोडीफार चूक खपवून घेते, धूळ बसली तरी काड्यांच्या मधून खाली पडून जाते.

अंतर जुळवणं

आता मुख्य काम. कागदावर सेंटर ते तिसरं ३६ मिमी आलंय, पण ते आदर्श दात्यांचं अंतर आहे, तुमच्या हाताने केलेल्या दात्यांचं नाही. तुमचं खरं अंतर ३५.८ असेल किंवा ३६.१ असेल. म्हणून प्लेटवर मोजून भोक पाडायचं नाही, चाक आणि पिनियन एकमेकांत फिरवून जे अंतर हाताला चांगलं लागतं ते प्लेटवर उतरवायचं.

यासाठी एक छोटं हत्यार बनवा, त्याला डेप्थिंग टूल म्हणतात. दोन सरळ पितळी पट्ट्या खालच्या कडेला बिजागरीने जोडलेल्या, वरच्या बाजूला त्यांना दूर-जवळ करणारा एक स्क्रू आणि त्यांना दूर ढकलणारी स्प्रिंग. प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला दोन लहान टेकू, त्यांतून दोन सळया आतबाहेर सरकतात, सळयांच्या आतल्या टोकांना शाफ्ट पकडायला खळगी आणि बाहेरची टोकं सुईसारखी टोकदार. दोन्ही बाजूच्या सळया एकमेकींना तंतोतंत समांतर हव्यात, नाहीतर आतलं अंतर वेगळं आणि बाहेर सुईवर येणारं वेगळं होईल. हे हत्यार करायला वेळ द्या, घड्याळाचं नशीब इथे ठरतं असं मी मानतो.

चाक एका जोडीत, पिनियन दुसऱ्या जोडीत पकडा. स्क्रू आवळत अंतर कमी करत जा आणि चाक बोटाने हळू फिरवत राहा, पिनियनला दुसऱ्या हाताच्या नखाने अगदी हलका अडथळा द्या. अंतर जास्त असेल तेव्हा दाते काडीवर आपटतात, प्रत्येक दात्याला एक टक टक जाणवते, दाता उशिरा पकडतो आणि घसरून येतो. अंतर फार कमी असेल तेव्हा फिरणं जड होतं आणि एखाद्या ठिकाणी अडकतं, दात्याचं टोक खाली टेकतं. या दोन्हींच्या मध्ये एक अगदी छोटी पट्टी असते जिथे फिरणं तुपासारखं मऊ लागतं, ना टक टक ना अडकणं. ती सापडली की पूर्ण एक फेरी मारा, कारण एक दाता जाड असेल तर तो फेरीत एकदाच सापडतो. जिथे जड लागेल तिथे मार्करने खूण करून तोच दाता कानशीचे एकदोन हात मारून ठीक करा. पूर्ण फेरीभर सारखं लागलं की स्क्रूला हात न लावता टूल उचला, एका सुईचं टोक प्लेटवरच्या आधीच्या भोकात टेकवा आणि दुसऱ्या सुईने कमान आखा. कमान उभ्या रेषेला जिथे छेदते तिथे पुढचा शाफ्ट.

एक-एक जोडी करत वर जा. मोठं चाक ते सेंटर आधी, मग सेंटर ते तिसरं, मग तिसरं ते एस्केप. घाई करून तिन्ही एकदम आखू नका, पहिली जोडी प्लेटमध्ये बसवून ती मोकळी फिरते हे बघितल्याशिवाय पुढचं भोक पाडायचंच नाही.

प्लेटा आणि पिव्होट

दोन्ही प्लेटा २०० बाय ९० मिमीच्या, चारही कोपऱ्यांत पिनांनी एकमेकांवर पक्क्या जोडून मगच भोकं पाडा, म्हणजे पुढची आणि मागची भोकं समोरासमोर येतात आणि शाफ्ट तिरका राहत नाही. भोकं पिव्होटपेक्षा जरा लहान पाडून ब्रोचने दोन्हीकडून हळूहळू मोठी करा. खालच्या दोन शाफ्टचे पिव्होट २ मिमीच्या आसपास, तिसऱ्याचे दीड, एस्केपचे १ मिमी. सेंटर शाफ्ट पुढच्या प्लेटबाहेर येऊन मिनिट काटा आणि १५ दात्यांचं चाक धरतो, त्यामुळे पुढचा पिव्होट जाड ठेवा. १५ चं चाक शाफ्टवर कायमचं पक्कं करू नका, मागे वाकडी स्प्रिंग वॉशर घालून दाबावर बसवा, म्हणजे काटा हाताने फिरवून वेळ लावता येते.

पिव्होटला पॉलिश पेपरने चमक आणली की काम झालं असं नाही, त्याच्यावर बारीक ओरखडे राहतात. तेल लावून कडक, गुळगुळीत पोलादी पट्टीने दाबून घासलं की वरचा थर दाबला जाऊन आरशासारखा होतो. यामुळे घड्याळ कमी वजनावर चालतं आणि भोकं वर्षानुवर्षं झिजत नाहीत. शाफ्टला लांबीच्या दिशेने थोडी ढील हवी, ०.३ मिमी वगैरे. प्लेटा जोडून उलटसुलट केल्या की प्रत्येक शाफ्ट आपल्या वजनाने सरकून टक असा आवाज करायला हवा, जो करत नाही तो अडकलेला आहे.

अँकर, म्हणजे लंबकाबरोबर हलून एस्केप व्हीलचे दाते अडवणारा-सोडणारा तुकडा, बसवण्याआधी सगळी चाकं घालून मोठ्या चाकाला बोटाने हलका जोर द्या. एस्केप व्हील भन्नाट फिरायला लागलं पाहिजे, आणि जोर काढल्यावर हळूहळू थांबताना शेवटी किंचित मागे आलं तर समजा सगळं मोकळं आहे. झटक्यात थांबलं तर कुठेतरी घर्षण आहे, ते शोधा, जास्त वजन लटकवून झाकू नका.

एस्केपमेंट

एस्केपमेंट म्हणजे एस्केप व्हील आणि अँकरची जोडी. इथे दोन पर्याय असतात. साध्या अँकरमध्ये प्रत्येक टिकेनंतर सेकंद काटा किंचित मागे सरकतो, याला रिकॉइल म्हणतात, बनवायला सोपा. दुसरा म्हणजे जॉर्ज ग्रॅहमने १७१५च्या सुमारास पक्का केलेला डेडबीट, यात काटा जागच्या जागी ठाम थांबतो आणि वेळही जास्त चांगली राहते. लोक नवशिक्याला रिकॉइल सुचवतात, मी डेडबीटच सांगेन, कारण त्याची भूमिती एका युक्तीने फार सोपी होते.

एस्केप व्हीलचा व्यास ५० मिमी, त्रिज्या २५. अँकर साडेसात दात्यांवर पसरतो, दोन दात्यांमध्ये १२ अंश, म्हणजे बरोबर ९० अंश. ९० अंश घेतल्यामुळे अँकरचा शाफ्ट चाकाच्या केंद्रापासून २५ गुणिले १.४१४, म्हणजे ३५.४ मिमीवर येतो, आणि अँकरच्या केंद्रापासून पॅलेटचं (अँकरच्या दोन टोकांचं, ज्यांवर दाता अडतो) अंतर पुन्हा २५ मिमीच येतं. आता डेडबीटची अट एवढीच आहे की दाता ज्या बाजूवर विसावतो ती बाजू अँकरच्या केंद्राभोवतीच्या वर्तुळाचा भाग हवी, म्हणजे लंबक पुढे जात राहिला तरी दाता जागेवर राहतो. म्हणून लेथवाल्याकडून ईएन-३१ पोलादाची एक रिंग करून घ्या, बाहेरचा व्यास ५२.२ मिमी, आतला ४७.८, जाडी भरते २.२ मिमी. या एकाच रिंगमधून दोन तुकडे कापले की दोन्ही पॅलेट तयार. येणाऱ्या बाजूच्या पॅलेटवर दाता बाहेरच्या वर्तुळावर विसावतो आणि जाणाऱ्या बाजूला आतल्या वर्तुळावर, दोन्ही आपोआप बरोबर. अर्धा पिच २.६ मिमीचा असतो, पॅलेट २.२ चा, उरलेला ०.४ म्हणजे दात्याच्या टोकाची जाडी आणि सुटल्यावर पडायची मोकळी जागा.

पॅलेट धरायला पितळी अँकर कापा आणि त्यात त्याच त्रिज्येच्या गोल खाचा करा, पॅलेट खाचेत सरकतील आणि स्क्रूने आवळता येतील. प्रत्येक पॅलेटच्या टोकाला तिरकी ढकल-बाजू कानशीने करा, ती अशी की दाता तिच्यावरून घसरताना अँकर २ अंश फिरतो, २५ मिमीवर ते साधारण ०.९ मिमी उंचीचा फरक. हे दसपट मोठ्या चित्रावर आखून बघा, डोक्यात धरू नका. मग चेरीसारखा लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवा, साफ करून पुन्हा हळूहळू तापवा, गवती पिवळा रंग आला की लगेच थांबवा. शेवटी दाता ज्या ज्या ठिकाणी लागतो ते सगळं आरशासारखं पॉलिश करा.

एस्केप व्हीलचे दाते पुढे झुकलेले ठेवा, ८-१० अंश, म्हणजे फक्त टोकच पॅलेटला लागेल. इथे मात्र वाटणी काटेकोर हवी, बाकी चाकांना दिलेली सूट इथे नाही, एखादा दाता छोटा राहिला तर मिनिटातून एकदा लंगडा ठोका ऐकू येईल.

अँकरच्या शाफ्टची भोकं थेट प्लेटमध्ये पाडू नका, फिरवता येणाऱ्या ऑफसेट बुशमध्ये (भोक मध्यापासून जरा बाजूला असलेल्या गोल तुकड्यात) पाडा. चाक बोटाने एक-एक दाता पुढे नेत बघा: दाता सुटल्यावर पुढचा दाता आधी गोल बाजूवर पडला पाहिजे, थेट तिरक्या बाजूवर पडला तर पॅलेट खाचेतून किंचित आत सरकवा. दोन्ही बाजूंची मोकळी पड वेगळी असेल तर बुश फिरवा. तीसच्या तीस दात्यांवर हे बघायचं.

लंबक

लांबी ठरते जागेच्या गुरुत्वाकर्षणावरून. लंडनला सेकंदाचा लंबक सुमारे ९९४ मिमीचा लागतो, आपल्याकडे मुंबई-पुण्याला ९९१ ते ९९२. फरक दिसायला किरकोळ, पण लंडनला बरोबर लावलेलं घड्याळ मुंबईत दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला पॅरिसहून घड्याळ घेऊन गेला तेव्हा ते रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, आणि पृथ्वी पूर्ण गोल नाही याचा तो एक पुरावा ठरला. म्हणून परदेशी प्लॅनमधली लांबी डोळे झाकून घेऊ नका.

दांडा सागवानाचा करा, सरळ रेषांचा, चांगला वाळलेला. पोलादी दांडा १० अंश तापला की घड्याळ दिवसाला ५ सेकंद मागे पडतं, लाकूड रेषांच्या दिशेने त्याच्या एक तृतीयांश वगैरेच वाढतं. पावसाळ्यातली दमट हवा ही खरी अडचण, म्हणून चपडा लाखेच्या पॉलिशचे बरेच हात द्या, टोकांच्या कापलेल्या भागावर तर जास्तच. इनव्हार (तापलं तरी जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू) मिळालं तर प्रश्नच नाही, पण सागवानाने भागतं. दांडा ११०० मिमी ठेवा, लांबी टोकापासून मोजायची नसते, लटकवलेल्या स्प्रिंगपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत, आणि दांड्याच्या वजनामुळे गोळा ९९१ पेक्षा थोडा खालीच येतो. गोळा पितळेचा, ७० मिमी व्यास, ७५ मिमी उंच, अडीच किलोच्या जवळ. खाली एम-६ चा स्टड आणि नट. एम-६ चा एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी, आणि १ मिमी म्हणजे दिवसाला जवळजवळ ४४ सेकंद. नटाच्या कडेला ४४ रेषा मारा, एक रेष एक सेकंद.

वरची लटकवायची स्प्रिंग ०.१ मिमी जाडीची लागते, ती फीलर गेजच्या (फटी मोजायच्या पातळ पोलादी पानांच्या जुडीतल्या) पानातून कापा, दोन पितळी पट्ट्यांत पकडून मध्ये १५ मिमी मोकळी ठेवा. स्प्रिंग जिथे वाकते ती रेष अँकरच्या शाफ्टच्या उंचीवर हवी. अँकरच्या शाफ्टला मागे एक हात लावा, त्याचं दोन फाट्यांचं टोक लंबकाला दोन्हीकडून धरेल पण घट्ट नाही.

झोका लहान ठेवा, दोन्हीकडे २ अंशांच्या आसपास. झोका मोठा झाला की लंबकाला वेळ जास्त लागतो, २ चे ३ अंश झाले तर दिवसाला ८ सेकंद मागे.

भिंतीवर

विटांची किंवा काँक्रीटची भिंत हवी, प्लाय किंवा जिप्समचं पार्टिशन अजिबात नको. हलणारी भिंत लंबकाची ताकद खाते, आणि एक विचित्र गोष्ट होते: ड्रम ३० मिमीचा धरला तर वजन रोज साधारण २० सेंमी खाली येतं, पाचव्या दिवशी दोरी लंबकाएवढी लांब होते, आणि तेव्हा वजनही लंबकाच्या तालात झुलायला लागतं, लंबकाचा झोका खातं आणि घड्याळ बंद पडतं. दर आठवड्याला त्याच दिवशी घड्याळ थांबत असेल तर चाकांमध्ये दोष शोधू नका, माउंटिंग पक्कं करा.

वजनासाठी ६० मिमी आतल्या व्यासाचा पाइप, त्यात शिशाच्या गोळ्या, म्हणजे कमीजास्त करता येतात. ३ किलोपासून सुरू करा आणि घड्याळ खात्रीने चालेल तिथे थांबा, ४ च्या आसपास व्हायला हवं. ५ किलो घालूनही चालत नसेल तर अंतरांकडे परत जा. शिशाला हात लावला की हात धुवा, मुलांना खेळू देऊ नका. दोरीचं खालचं टोक पक्कं आहे, रॅचेटची (ड्रमला उलटं फिरू न देणारी) खिट्टी पूर्ण आत बसते हे दर वेळी किल्ली देताना बघा, चार किलो दीड मीटरवरून पायावर पडणं साधी गोष्ट नाही.

मग ठोका जुळवणं. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं ऐकू यायला हवं. टिक-टॉक... टिक-टॉक असं लंगडं येत असेल तर अँकरचा हात थोडा वाकवा, लंगडी बाजू लहान होते का बघा, नाहीतर उलट दिशेला. डोळे मिटून ऐकलं की लवकर कळतं.

तेल फक्त पिव्होटच्या भोकांत, एक-एक बारीक थेंब, आणि पॅलेटवर अगदी पुसट. दात्यांवर आणि काड्यांवर अजिबात नाही, तिथे तेल धूळ धरतं आणि ती पेस्ट पितळ घासते. घड्याळाचंच तेल घ्या. खोबरेल तर नकोच, थंडीत ते थिजतं आणि नाशिकसारख्या ठिकाणी डिसेंबरमध्ये घड्याळ पहाटे बंद सापडेल.

वेळ लावताना पहिले दोन-तीन दिवस नटाला हात लावू नका, सगळं बसू द्या. मग रोज ठरावीक वेळेला मोबाइलच्या वेळेशी सेकंद काटा ताडून वहीत लिहा. मागे पडत असेल तर नट वर, पुढे जात असेल तर खाली, आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण एक दिवस थांबा. फरक २-३ सेकंदांवर आला की नट सोडा आणि दांड्याच्या मध्यावर एक छोटी पितळी थाळी लावा, तिच्यावर लहान वजनं ठेवली की घड्याळ किंचित पुढे जातं आणि लंबक थांबवायला लागत नाही. लंडनच्या बिग बेनला हेच करतात, तिथे लंबकावर जुनी एक पेनी वाढवली की दिवसाला ०.४ सेकंद फरक पडतो. आपला गोळा अडीच किलोचाच आहे, म्हणून नाणं नको, पितळी पत्र्याचे छोटे तुकडे कापून ठेवा, एक ग्रॅम, अर्धा ग्रॅम असे, आणि ते चिमट्याने ठेवा-काढा.